मागच्या कव्हरवरची नावं

१९८८ साली ‘सीएमपी’ या जर्मन कंपनीने ‘उस्फ्रेट’ नावाचा अल्बम काढला. तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा स्वतःच्या नावावरचा हा पहिला अल्बम. त्यात गिटारवर राल्फ टाउनर आहेत, व्हायोलिनवर एल. शंकर आहेत आणि ट्रम्पेटवर आहेत डॉन चेरी. ऑर्नेट कोलमन यांनी डिसेंबर १९६० मध्ये ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित करून अमेरिकी जॅझची घडी विस्कटली, तेव्हा त्या आठ वादकांत हे चेरी होते. आणि या मंडळींच्या मधोमध गाताहेत शोभा गुर्टू. त्रिलोक यांच्या आई, बेळगावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या मेनकाबाई शिरोडकर यांच्या कन्या.

शोभाताईंच्या ठुमरी-दादऱ्याच्या कॅसेटी मराठी घरांत हौसेने ऐकल्या गेल्या. ‘उस्फ्रेट’ त्यांतल्या फार थोड्या घरांत पोचला. दुकानात त्याचं फडताळ वेगळं, त्याच्याबद्दल लिहिणारी माणसं वेगळी, आणि ती बहुतेक इंग्रजीतच लिहिणारी. बाईंचा आवाज ओळखीचा असूनही तो कुठे पोचला आहे, याचा त्यांच्याच रसिकांना पत्ता नव्हता.

प्रस्तुत पुस्तक या अंतराबद्दल आहे. आजच्या जॅझमधले, त्यातही उत्स्फूर्त वादनावर उभे असलेले नवे अल्बम मराठी श्रोत्याने शोधावेत कसे आणि हाती लागल्यावर ऐकावेत कसे, हा त्याचा विषय. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: या संगीताकडे शैलीच्या नावाने जाऊ नये, माणसांच्या नावाने जावं. अल्बमच्या मागच्या कव्हरवर वादकांची जी यादी असते, ती नीट वाचणाऱ्याला पुढचा अल्बम आपोआप सापडतो. ‘उस्फ्रेट’वरून चेरी, चेरींवरून कोलमन, टाउनरवरून ‘ओरेगन’ हा गट, आणि तिथून पुन्हा त्रिलोक. कारण कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर त्या गटातली तालवाद्यांची जागा पुढे त्रिलोक यांनीच घेतली.

पुस्तक पनवेलमध्ये लिहिलं गेलं, याचा त्याच्या स्वभावाशी संबंध आहे. पनवेल हे काही जॅझचं गाव नव्हे. इथे फडके नाट्यगृहात नाटकं होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात. जॅझ प्रत्यक्ष ऐकायचं तर हार्बर लाइनने मुंबई गाठायची, आणि कार्यक्रम रंगात आला की शेवटच्या पनवेल लोकलचा हिशेब मांडायला लागायचं. पण त्याच लाइनवर सीएसएमटीपर्यंतच्या सुमारे ८० मिनिटांत दोन एलपींएवढं संगीत मावतं. नोकरीला जाणारा, क्लबापेक्षा इअरफोनवर ऐकणारा उपनगरी माणूस हा या पुस्तकाचा श्रोता आहे. मुंबईच्या जॅझबद्दल आजवर जे लिहिलं गेलं ते बहुधा कुलाबा आणि चर्चगेटच्या बाजूने. इथे नजर उलट बाजूने आहे.

तरी सुरुवात कुलाब्यापासूनच करावी लागते. १९३५ च्या अखेरीला लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. या मंडळींच्या शेजारी बसून, त्यांच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकून जे शिकले, ते प्रामुख्याने गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकल्यामुळे कागदावरचं संगीत वाचणं त्यांना सहज जमे. अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव, म्हणजेच चिक चॉकलेट. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे २०१२ चं पुस्तक या काळाचा पहिला नीटस इतिहास. या विषयात शिरणाऱ्याने ते टाळू नये.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्री कोरड्या केल्या, गोरं गिऱ्हाईक मायदेशी गेलं आणि वादकांनी सिनेमाच्या स्टुडिओंची वाट धरली. इथे मराठी माणूस कथेत येतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, आणि चिक चॉकलेट यांची जोडी जमली. भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) तर चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांनी पुढची वीस-तीस वर्षं हिंदी चित्रपट संगीताच्या वाद्यमेळाची रचना केली. मराठी माणूस जॅझ ऐकत नाही, असं म्हटलं जातं. तो गेली सत्तर वर्षं ऐकतोच आहे. फक्त श्रेयनामावलीत ज्यांची नावं आली नाहीत अशा वादकांचं ऐकतो आहे.

शुद्ध जॅझच्या शौकिनांचं एक छोटं मंडळ मात्र तगून राहिलं. निरंजन झवेरी यांनी १९५२ मध्ये ‘ब्लू रिदम’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा तास सुरू झाला आणि शॉर्टवेव्हच्या खरखरीतून नवी नावं कानावर पडू लागली. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईत आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसले. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन येऊन गेले. मग १९७८ मध्ये झवेरींच्याच पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आले. धोबी तलावचं उघड्यावरचं रंगभवन हे या यात्रेचं घर होतं. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ मध्ये तिथले कार्यक्रम बंद झाले. काळा घोड्याचं ‘रिदम हाउस’ हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये मिटलं, लोअर परळचा ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लबही त्याच वर्षी. नवं संगीत भेटण्याच्या जागा अशा एकेक करून गेल्या. एनसीपीए आहे, ऑपेरा हाउसमध्ये २०१८ मध्ये ‘द क्वार्टर’ही सुरू झालं. पण तिकीट काढण्याआधी कोणाला ऐकायचं हे माहीत असावं लागतं, आणि ते सांगणारा काउंटरमागचा जाणता माणूस आता उरलेला नाही.

बाहेरच्या जगातलं जॅझ एवढ्या अवधीत कुठून कुठे गेलं, हे नवख्या वाचकाला माहीत हवं. १९१७ मध्ये जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली. तीसच्या दशकात मोठे नाचवणारे वाद्यवृंद, चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचं वेगवान, बुद्धिगम्य ‘बीबॉप’. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांनी ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये स्वरसंगतींची गर्दी कमी करून एकेका स्वरसप्तकावर रेंगाळायला सुरुवात केली, रागसंगीत ऐकणाऱ्याला हा अल्बम लगेच जवळचा वाटतो तो यामुळे. पुढच्याच वर्षी कोलमन यांनी ठरलेली चौकटही नाकारली. १९६५ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी ‘एएसीएम’ ही स्वतःची संस्था काढली. युरोपात पीटर ब्रॉट्झमन, डेरेक बेली, इव्हान पार्कर यांनी उत्स्फूर्त वादनाला अमेरिकेपासूनही मोकळं केलं. आधी ठरलेली धून नाही, ताल नाही, स्वरांचा करार नाही. जे व्हायचं ते समोरासमोर. बहुतेक श्रोते इथेच पळ काढतात.

पळू नये, असं लेखक म्हणतो, आणि त्याचं कारण पटण्यासारखं आहे. १९७१ मध्ये न्यू यॉर्कला बांगलादेशसाठी झालेल्या मैफलीत श्रोत्यांनी पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्या वाद्यं जुळवण्यालाच टाळ्या दिल्या, हा किस्सा आपण मोठ्या चवीने सांगतो. ब्रॉट्झमन ऐकताना ‘हे अजून जुळवताहेत की काय?’ असं ज्याला वाटतं, त्याची अवस्था त्या श्रोत्यांसारखीच असते, फक्त टाळ्यांऐवजी कपाळावर आठी. कान तयार व्हायला लागतो तो वेळ दोन्हीकडे सारखाच.

‘सवाई’च्या मांडवात रात्री घालवलेल्या श्रोत्याकडे इथे मोठं भांडवल आहे. गायक दर वेळी तेच गात नाही, बढत कुठून कुठे जाईल हे त्यालाही पूर्ण ठाऊक नसतं, आणि समेवर येताना तो काय धोका पत्करतो यातच गंमत असते, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. पण हे साम्य फार ताणू नये. जॅझवरचं आपल्याकडचं बरंचसं लेखन ‘म्हणजे आपल्या रागासारखंच’ एवढ्यावर थांबतं आणि तिथेच फसतं. आपल्या मैफलीत तानपुरा अढळ असतो; जॅझमध्ये पायाखालची स्वरसंगतीच बदलत राहते. आपल्याकडे मुख्य कलाकार आणि साथीदार असतात. चांगल्या जॅझ त्रयीत ड्रमवादक पियानोवाल्याला अडवू शकतो, वळवू शकतो, प्रसंगी एकटं सोडून गप्प बसू शकतो. कोण कोणाला उत्तर देतं आणि कोण मुद्दाम देत नाही, हे ऐकायचं असतं. पुस्तकातला सर्वांत कसदार भाग हाच आहे.

दोन परंपरांच्या भेटींचा इतिहास लांबलचक आहे आणि सगळाच अभिमानाने सांगावा असा नाही. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये लंडनला ‘इंडो-जॅझ स्वीट’ केला. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांचा ‘रागा-जॅझ स्टाइल’ निघाला, त्यात रईस खाँ यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांचं ‘रागा रॉक’ १९७० चं. माइल्स डेव्हिस यांच्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये (१९७२) बादल रॉय यांचा तबला आहे. यांतले काही प्रयोग आज ऐकताना शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंसारखे वाटतात. सतार आपल्या जागी, ड्रम आपल्या जागी. ‘फ्यूजन’ हा शिक्का बाजाराने त्यावर मारला आणि पुढे त्या शिक्क्याखाली पुष्कळ गुळगुळीत माल खपला.

खरी उलथापालथ ‘शक्ती’ने केली. १९७५ मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि टी. एच. विनायकराम एकत्र वाजवू लागले, तेव्हा गिटार भारतीय झाली नाही की तबला अमेरिकी झाला नाही. पण चौघांनाही आपापली सवय मोडावी लागली. कुठलीही भेट खरी की दिखाऊ हे पाहण्याची लेखकाची कसोटी ही आहे, आणि ती कडक असली तरी योग्य आहे. या कसोटीला उतरणारे अल्बम मोजकेच: यान गार्बारेक, झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया आणि मॅक्लॉफ्लिन यांचा ‘मेकिंग म्युझिक’ (१९८७), चार्ल्स लॉइड यांचा ‘संगम’ (२००६), रुद्रेश महंतप्पा आणि कद्री गोपालनाथ या दोन सॅक्सोफोनवादकांचा ‘किन्समेन’ (२००८), आणि विजय अय्यर, प्रसन्ना व नितीन मिट्टा यांचा ‘तीर्थ’ (२०११).

मग हे सगळं आत्ताच सांगण्याची निकड काय? एक कारण दुःखाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंनी त्या एका रात्री तीन ग्रॅमी घेतली. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोत गेले. दोन्ही वेळी मराठीत अभिनंदन आणि श्रद्धांजली भरभरून छापून आली. त्या अल्बममध्ये नेमकं काय वाजलं आहे, याबद्दल मात्र फारसं कोणी लिहिलं नाही. त्यात गाणारे शंकर महादेवन मराठी रसिकाला ‘कट्यार काळजात घुसली’पासून पाठ आहेत. चेंबूरला वाढलेले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले, नेरूळच्या कॉलेजात अभियांत्रिकी केलेले. म्हणजे हार्बर लाइनचाच माणूस! ‘कट्यार’मध्ये तयार शब्द-सूर गाणारा हा आवाज ‘शक्ती’त सेल्वागणेश यांच्या खंजिरीशी झुंजताना काय करतो, ते ताडून पाहणं हा नव्या श्रोत्यासाठी उत्तम पहिला धडा आहे.

दुसरं कारण असं की आजचं जॅझ पूर्वीसारखं एका शहराचं राहिलेलं नाही. न्यू यॉर्क आहेच. शिकागोत ‘इंटरनॅशनल अँथम’ कंपनीभोवती मकाया मॅक्रेव्हन आणि जेफ पार्कर यांच्यासारखे संगीतकार आहेत. मॅक्रेव्हन प्रत्यक्ष मैफलीतलं उत्स्फूर्त वादन ध्वनिमुद्रित करतात आणि मग घरी ते कापून-जोडून नवी रचना उभी करतात. लंडनच्या तरुण पिढीचा जाहीरनामा म्हणजे २०१८ चा ‘वुई आउट हिअर’ हा संग्रह. त्यातल्या ‘एझ्रा कलेक्टिव्ह’ला २०२३ मध्ये मर्क्युरी पारितोषिक मिळालं, जॅझ गटाला ते पहिल्यांदाच. ग्रॅमीने त्याच सुमारास ‘पर्यायी जॅझ’ असा नवा विभाग काढला आणि पहिल्याच वर्षी अरुज आफताब, विजय अय्यर व शाहजाद इस्माइली यांचा ‘लव्ह इन एक्झाइल’ त्यात नामांकित झाला. उर्दू शब्द, पियानो, सिंथेसायझर, आणि ड्रमचा मागमूस नाही. याला जॅझ म्हणावं का, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. लेखक त्यात वेळ दवडत नाही.

आणि याच लंडनमध्ये सारथी कोरवार आहे. अहमदाबाद-चेन्नईत वाढलेला, पुण्यात शिकताना तबल्याकडे गंभीरपणे वळलेला हा ड्रमवादक. ‘डे टू डे’साठी (२०१६) तो गुजरातेत रतनपूरच्या सिद्दी कलावंतांकडे गेला; ‘मोअर अरायव्हिंग’मध्ये (२०१९) मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटातला रॅपर एमसी मवाली त्याच्याबरोबर आहे. मुंबईचं जॅझ म्हणजे ताजचा बॉलरूम, ही समजूत पुसायला ही दोन ध्वनिमुद्रणं पुरेशी आहेत.

आता शोधण्याचा प्रश्न. ‘स्पॉटिफाय’ भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. ‘ईसीएम’सारख्या हट्टी कंपनीनेही नोव्हेंबर २०१७ मध्ये आपला खजिना अशा सेवांवर खुला केला. म्हणजे अभाव संपला. पण या यंत्रणा ऐकलेल्यासारखंच पुढे ऐकवतात. माइल्स डेव्हिस ऐकला की आणखी माइल्स डेव्हिस, मग संध्याकाळच्या कॉफीसाठी ‘निवांत जॅझ’. नवा अल्बम या चक्रात क्वचितच शिरतो. शिवाय फोनच्या पडद्यावर वादकांची यादी शोधूनही धड सापडत नाही, जिच्यावर या पुस्तकाची सगळी भिस्त आहे. म्हणून लेखक छोट्या कंपन्यांवर नजर ठेवायला सांगतो. म्युनिकमध्ये मानफ्रेड आयशर यांनी १९६९ मध्ये काढलेली ‘ईसीएम’, न्यू यॉर्कची ‘पाय’, शिकागोची ‘इंटरनॅशनल अँथम’. अशा कंपनीमागे एका-दोघांचा कान असतो. तो कान एकदा पटला की अनोळखी नावावरही विश्वास टाकता येतो. दुसरी जागा ‘बँडकॅम्प’. तिथे संगीतकार स्वतः अल्बम विकतात, कंपनी डिजिटल विक्रीतला १५ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेते, आणि वादकांची नावं बहुधा तपशीलवार दिलेली असतात. बंगळुरू, गोवा, मुंबईतले कितीतरी गट आपलं काम मोठ्या कंपनीची वाट न पाहता तिथे ठेवतात.

हे पुस्तक जॅझचा कोश नाही. क्रमवार इतिहास त्यात नाही, सर्वश्रेष्ठ शंभर अल्बमांची यादी नाही, आणि गेल्या दशकातलंही पुष्कळ काही सुटलं आहे. दक्षिण आफ्रिका आणि जपान यांना मिळालेली जागा तर अगदीच अपुरी. लेखकाची आवडनिवड लपत नाही. तालवादकांकडे त्याचा ओढा आहे, गायनाकडे तो उशिरा वळतो, आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांबद्दलची त्याची कुरकुर काही ठिकाणी अन्यायाची आहे. मात्र प्रत्येक लेखात तो एक अल्बम घेऊन बसतो, कोण वाजवतं आहे ते आधी सांगतो, कुठल्या मिनिटाला काय घडतं ते दाखवतो आणि तिथून कुठे जाता येईल याच्या दोन-तीन वाटा देतो. मराठीत नाटकाबद्दल, ख्यालाबद्दल असं जवळून लिहिण्याची सवय जुनी आहे. ती जॅझला लावली तर चालते, हे या लेखांनी दाखवून दिलं आहे.

वाचकांनी पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. ज्यांना तबला कळतो त्यांनी डॅन वाइस यांच्या ‘तीनताल ड्रमसेट सोलो’वरचा (२००५) लेख आधी उघडावा, अमेरिकी ड्रमसेटवर, गिटारच्या नगम्यावर, अख्खं तीनतालाचं स्वतंत्र वादन आहे. गाण्याची ओढ असणाऱ्यांनी ‘उस्फ्रेट’ किंवा ‘धिस मोमेंट’पासून निघावं. अजिबात काहीच ऐकलेलं नसेल तर ‘काइंड ऑफ ब्लू’, आणि दुसऱ्या दिवशी लगेच ‘फ्री जॅझ’, मधे कुठेही न थांबता. प्रत्येक अल्बम दोनदा ऐकावा, पहिल्यांदा लेख न वाचता. आणि एखादा मनात बसला, तर तो विकत घ्यावा. या संगीतकारांचा पुढचा अल्बम बऱ्याचदा त्याच पैशातून निघतो.